राजाचा अखेरचा सेवक : क्लेरी

राजवाड्यांच्या इतिहासात राजे, राण्या, प्रधान आणि सेनापती यांची नावे ठळक अक्षरांत येतात. राजाला पहाटे उठविणारा, त्याचे केस विंचरणारा, त्याच्यापुढे अंगरखा धरणारा हुजऱ्या मात्र त्या इतिहासात बहुधा निनावीच राहतो. वैभवाच्या काळात त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि वैभव ओसरले की तोही इतरांबरोबर पांगतो. या सर्वसाधारण नियमाला फ्रान्सच्या इतिहासात एक लक्षणीय अपवाद आढळतो. राज्यक्रांतीच्या वावटळीत ज्याचे सिंहासन, राजवाडा, सैन्य आणि शेवटी प्राणही गेले, त्या सोळाव्या लुईपाशी अखेरच्या महिन्यांत एकच खासगी सेवक उरला होता. त्याचे नाव झाँ बाप्तिस्त क्लेरी.

क्लेरीचा जन्म ११ मे १७५९ रोजी व्हर्सायजवळील जार्दी या लहानशा वस्तीत झाला. त्याच्या घराण्याचे मूळ आडनाव काँ-आने असे होते. क्लेरी हे नाव त्याला पुढे रूढ झाले. फ्रान्सच्या राजांचा दरबार त्या काळी व्हर्साय येथे भरत असे आणि आसपासच्या अनेक कुटुंबांची उपजीविका राजवाड्यातील नोकरीवर चाले. क्लेरीही याच वाटेने राजपरिवाराच्या सेवेत शिरला. १७८५ साली जन्मलेल्या राजपुत्र लुई शार्ल याच्याकडे त्याच्या बालपणापासूनच क्लेरीची नेमणूक झाली. थोरला भाऊ जून १७८९ मध्ये वारल्यावर हाच मुलगा युवराज ठरला. क्लेरीची पत्नी संगीतकलेत निपुण होती. मुलेबाळे, नियमित वेतन आणि राजवाड्याची सावली असा हा सुखाचा संसार होता.

व्हर्सायच्या दरबारात मानपानाला फार मोठे स्थान होते. राजाच्या अंगावर सकाळी सदरा चढविणे हा देखील उच्च कुळांतील सरदारांचा मान समजला जाई आणि त्यासाठी चढाओढ चाले. जे काम साधा नोकर क्षणात करील त्यासाठी दरबारात रांग उभी राही. पुढे हाच राजा बंदीत पडला आणि अंगरखा धरण्यास कोणी उरले नाही, तेव्हा त्या रांगेतील बहुतेक मानकरी परदेशी निघून गेले होते. क्लेरीच्या चरित्राचा अर्थ उमगण्यासाठी हा विरोध ध्यानी ठेवावा लागतो.

फ्रान्सची राज्यक्रांती अकारण झाली असे म्हणता येत नाही. सरदार आणि धर्माधिकारी यांना करांतून सवलती होत्या. करांचे ओझे शेतकरी आणि सामान्य नागरिक वाहत होते. खजिना रिकामा झाला होता, पीक बुडाले होते, पाव महाग झाला होता. १४ जुलै १७८९ रोजी पॅरिसच्या जनतेने बास्तीयचा तुरुंग जिंकला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मानवी हक्कांची सनद मान्य झाली. ऑक्टोबरमध्ये जमावाने राजपरिवाराला व्हर्सायहून पॅरिसच्या त्युइलरी राजवाड्यात आणले. जून १७९१ मध्ये राजाने वेश पालटून पळून जाण्याचा प्रयत्न केला; तो व्हारेन येथे पकडला गेला आणि जनतेचा त्याच्यावरील उरलासुरला विश्वासही नाहीसा झाला. पुढील वर्षी परकीय सैन्ये फ्रान्सच्या सीमेवर आल्यावर राजा शत्रूला सामील आहे असा संशय सर्वत्र पसरला.

१० ऑगस्ट १७९२ रोजी त्युइलरीवर सशस्त्र जमाव चालून आला. राजा कुटुंबासह विधिमंडळाच्या आश्रयास गेला; सेवक आणि पहारेकरी मात्र राजवाड्यातच राहिले. त्यानंतर झालेल्या कत्तलीत शेकडो स्विस शिपाई आणि अनेक नोकर मारले गेले. क्लेरीने खिडकीतून उडी टाकली आणि कसाबसा जीव वाचविला. तीन दिवसांनी राजपरिवाराची रवानगी टेंपल येथील बुरुजात झाली. टेंपल म्हणजे देवालय. परंतु हे स्थान उपासनेचे राहिले नव्हते. मध्ययुगात टेंप्लर नावाच्या लढवय्या ख्रिस्ती संन्याशांचा तेथे मठ होता. त्यांच्यावरून त्या जागेला ते नाव मिळाले आणि त्यांनी बांधलेला जाड भिंतींचा बुरूज आता राजाचा कारावास झाला.

राजाबरोबर गेलेल्या सेवकांना आणि राणीच्या सख्यांना थोड्याच दिवसांत तेथून रात्रीच्या वेळी हलविण्यात आले. अशा वेळी क्लेरीने काय करावे? मृत्यूच्या दाढेतून तो नुकताच सुटला होता. घरी पत्नी आणि मुले होती. राजाची सेवा केली होती एवढ्याच गुन्ह्यासाठी माणसे तुरुंगात पडत होती. तो गप्प बसला असता तर कोणीही त्याला दोष दिला नसता. परंतु ज्या मुलाला त्याने लहानाचे मोठे होताना पाहिले होते, तो सात वर्षांचा मुलगा आता त्या बुरुजात होता. क्लेरीने पॅरिसचा नगराध्यक्ष पेतियाँ याच्याकडे अर्ज करून युवराजाच्या सेवेत राहण्याची परवानगी मागितली. ती मिळाली आणि २६ ऑगस्ट १७९२ च्या रात्री आठच्या सुमारास तो टेंपलमध्ये दाखल झाला. तेथे राजाचा दुसरा एक निष्ठावंत सेवक युए हा होता. २ सप्टेंबर रोजी त्यालाही पकडून नेण्यात आले. त्यानंतर राजा, राणी मारी आंत्वानेत, राजाची बहीण एलिझाबेथ, राजकन्या मारी तेरेझ आणि युवराज या पाचही जणांची सेवा एकट्या क्लेरीच्या अंगावर आली.

त्याची स्थिती दुहेरी अवघड होती. नगराध्यक्षाच्या संमतीने आलेला माणूस म्हणून राजपरिवाराला त्याच्याविषयी शंका येणे साहजिक होते. राजाचा जुना नोकर म्हणून पहारेकऱ्यांचा त्याच्यावर डोळा होता. आपली निष्ठा उघड दाखवावी तर त्याच दिवशी हकालपट्टी होणार आणि मग राजपरिवाराला कोणीच उरणार नाही. म्हणून क्लेरीने मुखावर उदासीनतेचा पडदा ओढला आणि निष्ठा कामात ओतली.

दिवसाचा क्रम ठरलेला असे. राजा सहाच्या सुमारास उठे व स्वतःच दाढी करी. क्लेरी त्याचे केस विंचरी, त्याला कपडे घाली. मग राणीकडे जाऊन तिची, मुलांची आणि एलिझाबेथची केशरचना करी. नगरसभेचे अधिकारी सदैव खोलीत असत. तरीही केस विंचरताना क्षणभर दोन शब्द कानाशी बोलता येत, आणि त्याच दोन शब्दांतून बाहेरच्या जगाची वार्ता आत जाई. आठवड्यातून एकदा क्लेरीची पत्नी एका मैत्रिणीसह भेटीस येई. घरच्या गोष्टी मोठ्याने बोलताबोलता बातम्या हळूच सांगितल्या जात. रोज सायंकाळी सातच्या सुमारास वार्तापत्रे विकणारा एक जण भिंतीबाहेर ओरडून दिवसाच्या घडामोडी पुकारी; क्लेरी खिडकीशी कान देऊन त्या ऐके. दुपारी राजा विश्रांती घेई तेव्हा क्लेरी युवराजाला लेखन आणि गणित शिकवी. गुणाकाराच्या कोष्टकांतून सांकेतिक लिपी शिकविली जात असावी असा एका अधिकाऱ्याला संशय आला आणि मुलाचे पाढे बंद झाले.

३ सप्टेंबर रोजी क्लेरी तळमजल्यावर तिझाँ नावाच्या नोकर जोडप्यासमवेत जेवत असताना खिडकीशी भाल्याच्या टोकावर एक मस्तक दिसले. ते राणीची जिवलग सखी प्रिन्सेस द लांबाल हिचे होते. तुरुंगांतील हत्याकांडात तिचा बळी गेला होता. क्लेरी धावत वर गेला. त्याचा पांढराफटक चेहरा पाहून राणीने विचारणा केली. त्याने खरे कारण सांगितले नाही. शेवटी एका पहारेकऱ्यानेच ती वार्ता राणीला ऐकविली.

२१ सप्टेंबरला राजसत्ता रद्द झाल्याची दवंडी बुरुजाखाली फिरली. राजा पुस्तक वाचत होता. त्याने मान वर केली नाही. त्याच संध्याकाळी थंडी वाढल्यामुळे क्लेरीने युवराजाच्या बिछान्यासाठी पडदे आणि पांघरुणे मागितली व मागणी राजाच्या नावाने लिहिली. जनतेने रद्द केलेली पदवी वापरल्याबद्दल त्याला कठोर समज देण्यात आली. पुढे क्लेरीने शब्द बदलले. पांघरुणे मिळविण्याचे काम सोडले नाही. ऑक्टोबरमध्ये त्याला एकदा थेट क्रांतिकारक न्यायालयापुढे उभे करण्यात आले. गुप्त संभाषण केल्याचा आरोप होता. त्यातून तो निर्दोष सुटला आणि पुन्हा बुरुजात परतला.

नोव्हेंबरमध्ये राजा आजारी पडला, पाठोपाठ युवराज आणि मग क्लेरी स्वतः. त्या दिवसांत स्वामी आणि सेवक यांची नाती उलटी झाली. राजाने स्वतः त्याला पाणी पाजले, मुलगा त्याच्याभोवती वावरू लागला. एका रात्री एलिझाबेथने क्लेरीसाठी औषधी वड्यांची डबी लहान राजपुत्राकडे गुपचूप दिली. क्लेरी अकराच्या सुमारास खोलीत आला तोपर्यंत ते मूल डबी हाती देण्यासाठी झोप आवरून जागे राहिले होते. राजवाड्यातील नोकरीत क्लेरीला जे इनाम कधी मिळाले नसते ते त्याला तुरुंगात मिळाले.

११ डिसेंबरला राजाला कन्व्हेन्शन या राष्ट्रीय सभेपुढे नेण्यात आले आणि त्या दिवसापासून त्याला कुटुंबापासून तोडण्यात आले. राजा बुरुजाच्या दुसऱ्या मजल्यावर आणि कुटुंब तिसऱ्या मजल्यावर. मध्ये फक्त एक तक्तपोशी. क्लेरीला केवळ राजाची सेवा करण्याची मुभा राहिली. तेव्हा त्याने आणि स्वयंपाकघरातील त्युर्झी नावाच्या विश्वासू सेवकाने निरोपांची वाट शोधली. सुताच्या गुंड्यांत चिठ्ठ्या दडविल्या जाऊ लागल्या. मेणबत्त्यांची पुडकी ज्या दोरीने बांधलेली येत ती दोरी क्लेरीने तुकड्यातुकड्याने साठविली. वरच्या खिडकीतून ती खाली सोडून एलिझाबेथ रात्री पत्रे धाडू लागली. फेकून देण्याच्या दोरीने एका कुटुंबाचे बोलणे जोडून ठेवले.

खटल्यात माल्झेर्ब, त्राँशे आणि दसेझ यांनी राजाची बाजू मांडली. नाताळच्या दिवशी, २५ डिसेंबर १७९२ रोजी, राजाने आपले मृत्युपत्र लिहिले. त्यात त्याने क्लेरीच्या सेवेचा कृतज्ञतेने उल्लेख केला आणि आपली वस्त्रे, पुस्तके, घड्याळ व पैशाची पिशवी त्याला देण्याची नगरसभेस विनंती केली. एकेकाळी फ्रान्सचा स्वामी असलेल्या पुरुषापाशी स्वतःचे म्हणून देण्यासारखे तेवढेच उरले होते. जानेवारी १७९३ मध्ये सभेने ३८७ विरुद्ध ३३४ मतांनी मृत्युदंड ठरविला.

२० जानेवारीच्या रात्री राजाला कुटुंबाची अखेरची भेट घेण्याची परवानगी मिळाली. क्लेरीने भोजनाच्या खोलीतील टेबल बाजूला सारले, खुर्च्या मांडल्या, पाण्याची सुरई ठेवली. त्या सुरईत बर्फाचे पाणी आहे हे राजाच्या लक्षात आले. ते प्याल्यास राणीला बाधेल म्हणून त्याने साधे पाणी आणविले. साडेआठ ते सव्वादहा अशी ती भेट चालली. क्लेरी काचेच्या दाराबाहेर होता. त्याला शब्द ऐकू आले नाहीत, हुंदके दिसले. सकाळी पुन्हा भेटेन असे आश्वासन देऊन राजाने त्यांना निरोप दिला.

त्या रात्री क्लेरीचे अंथरूण राजाच्या धर्मगुरूने, एजवर्थ याने, घेतले. क्लेरी खुर्चीवर बसून राहिला. राजाने त्याला पाच वाजता उठविण्यास सांगितले होते आणि राजा शांत झोपला होता. पहाटे क्लेरीने शेगडी पेटविली, नेहमीप्रमाणे केस विंचरले, खणांचे कपाट खोलीच्या मध्यभागी ओढून त्याची वेदी केली आणि सहा वाजता झालेल्या प्रार्थनाविधीत धर्मगुरूचा साहाय्यक म्हणून स्वतःच उभा राहिला. विधी झाल्यावर त्याने राजापुढे गुडघे टेकून आशीर्वाद मागितला. तो देऊन राजाने त्याला उठविले व छातीशी धरले.

नंतर राजाने त्याच्या हाती तीन वस्तू दिल्या. मुलासाठी एक मुद्रा, राणीसाठी लग्नाची अंगठी आणि कुटुंबातील सर्वांच्या केसांची एक पुडी. त्याबरोबर एक निरोप होता. सकाळी भेटण्याचे वचन पाळता आले नाही, कारण पुन्हा ताटातूट सोसण्याचे दुःख त्यांना द्यावयाचे नव्हते. याबद्दल राणीने क्षमा करावी, आणि तिला सोडून जाताना किती जड जाते ते सेवकाने तिला सांगावे, असा तो निरोप होता. वधस्तंभाशी राजाचे कपडे उतरविण्यासाठी आपल्याला सोबत जाऊ द्यावे अशी क्लेरीने विनंती केली. त्या कामाला जल्लाद पुरेसा आहे असे उत्तर मिळाले. नऊच्या सुमारास राजा निघाला. क्लेरीने अंगरखा पुढे केला. राजाने तो नाकारून फक्त टोपी मागितली. ती देताना राजाने त्याचा हात अखेरचा दाबला. २१ जानेवारी १७९३ ची ती सकाळ. दहा वाजून गेल्यावर दुरून आलेल्या आवाजांनी सर्व संपल्याचे बुरुजात कळले, तेव्हा क्लेरी राजाच्या रिकाम्या खोलीत एकटा होता.

आता त्याच्यापाशी उरला होता तो निरोप. तो ज्यांना पोचवावयाचा ती माणसे एकाच मजल्याचे अंतर वर होती. राणीनेही पतीचे अखेरचे शब्द ऐकण्यासाठी क्लेरीला भेटू द्यावे अशी मागणी केली. ती मान्य झाली नाही. क्लेरीला १ मार्चपर्यंत टेंपलमध्येच ठेवण्यात आले. परंतु तो जिना त्याला चढता आला नाही. अंगठी, मुद्रा आणि केस नगरसभेने ठेवून घेऊन मोहोरबंद केले. पुढे राजपरिवाराविषयी सहानुभूती बाळगणाऱ्या तुलाँ नावाच्या नगरसभेच्याच अधिकाऱ्याने ती मोहोर फोडून त्या वस्तू राणीच्या हाती दिल्या. वस्तू अशा आडवाटेने पोचल्या. निरोप मात्र ज्याच्यावर सोपविला होता त्याला तो स्वमुखाने सांगता आला नाही. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी राणीचा वध झाला, मे १७९४ मध्ये एलिझाबेथचा. ज्याच्यासाठी क्लेरी बुरुजात आला होता तो मुलगा जून १७९५ मध्ये त्याच बुरुजात आजाराने वारला. एकटी राजकन्या जिवंत राहिली. डिसेंबर १७९५ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत तिची सुटका झाली.

क्लेरीलाही पुन्हा अटक झाली. ला फोर्स या तुरुंगात तो होता आणि १७९४ च्या उन्हाळ्यात रोबेस्पिएरचा पाडाव झाल्यावर सुटला. नंतर तो फ्रान्स सोडून राजाच्या निर्वासित भावाच्या आश्रयास गेला. त्याने आपले पाच महिन्यांचे अनुभव लिहून काढले आणि १७९८ साली ते लंडन येथे प्रसिद्ध केले. त्याच वर्षी पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही निघाले. त्यात राजकारणाची मीमांसा नाही, सूडाची भाषा नाही. कोण केव्हा उठले, काय जेवले, कोणी काय हिरावून नेले, कोणत्या पहारेकऱ्याने दया दाखविली, हे सारे त्याने साधेपणाने नोंदविले. कठोर माणसांबरोबर कनवाळू पहारेकऱ्यांनाही त्याने न्याय दिला. म्हणूनच ते लेखन विश्वसनीय ठरले. त्याच्या नावावर राजाची निंदा करणारे एक बनावट पुस्तक पुढे बाजारात आले. क्लेरीने त्याचा जाहीर निषेध केला. राणीला सांगावयाचा राहून गेलेला निरोप या पुस्तकातून अवघ्या जगाला आणि मागे उरलेल्या राजकन्येला कळला.

उर्वरित आयुष्य क्लेरीने परदेशातच काढले. २७ मे १८०९ रोजी व्हिएन्नाजवळील हीट्झिंग येथे वयाच्या पन्नासाव्या वर्षी त्याचा अंत झाला. त्याच महिन्यात नेपोलियनच्या सैन्याने व्हिएन्ना घेतली होती आणि तिकडे पॅरिसमध्ये, १८०८ मध्ये निघालेल्या हुकुमानुसार, टेंपलचा बुरूज पाडण्याचे काम सुरू झाले होते. आज तो बुरूज अस्तित्वात नाही. त्याच्या आतील जीवन जगाला ज्या थोड्या माणसांमुळे माहीत आहे, त्यांत क्लेरीचे स्थान पहिले आहे.

क्लेरीने राज्य वाचविले नाही, राजाचे प्राणही वाचविले नाहीत. ते त्याच्या आवाक्यातले नव्हते. राज्यक्रांतीने मिळवून दिलेले हक्क मोलाचे होते, आणि राजाच्या चुकाही खऱ्या होत्या. क्लेरीने त्याविषयी वाद घातला नाही. संकटात सापडलेल्या पाच माणसांना माणसांसारखे जगता यावे एवढेच त्याने आपले काम मानले. केस विंचरणे, पांघरूण मागणे, दोरीचे तुकडे साठविणे आणि शेवटी पाहिले ते खरेपणाने सांगणे, हीच त्याची सेवा. वेतन आणि मान असताना अनेक जण सेवा करतात. दोन्ही गेल्यावर, आणि वर जिवाची जोखीम असताना, जो आपल्या जागी उभा राहतो त्याच्या सेवेला वेगळे मोल येते. दोन शतके लोटली तरी एका हुजऱ्याचे नाव राजाच्या नावाबरोबर घेतले जाते, त्याचे कारण हेच आहे.